आउटबॉक्समध्ये अडकलेली ओळ

सुरुवातीलाच सांगून टाकतो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. तुमच्या या सदरात लोक लिहितात... पिंपळाखाली बाई दिसली, विहिरीतून हाक आली... ते वाचून मी सुमनला म्हणायचो, या लोकांना जुलाबाचं औषध द्या कुणीतरी. सुमन म्हणजे माझी बायको. आता नाय ती. गेल्या आषाढात गेली.

मी सातवी पास. रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं बॉयलरवर काढली. बॉयलरवाल्याला भूत परवडत नाय. प्रेशर चढलं तर का चढलं ते शोधायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, आणि काय झालं ते लॉगबुकात लिहायचं. हे पण मी तसंच वहीत लिहून ठेवलंय, ती वही समोर घेऊन बसलोय. शुद्धलेखन संपादकांनी बघावं. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या नि पान उलटा. मला तुमची गरज नाय.

राहायला मी वरशाला, रोह्याला लागूनच. तळमजल्यावर दोन खोल्या नि पुढं पडवी. पुढच्या खोलीत खिडकीखाली सुमनचं शिलाई मशीन होतं. सत्त्याण्णवच्या दिवाळीत ते मागच्या खोलीत गेलं आणि तिथं कंप्युटर आला. आमची एकुलती एक मुलगी वंदना मस्कतला असते, जावयाच्या कंपनीने नवीन कंप्युटर घेतले तेव्हा जुना एक ते सुट्टीवर येताना आमच्यासाठी घेऊन आले. म्हणाले, ‘‘बाबा, आता पत्राची वाट बघायला नको. आईंनी मेल टाकली की आम्हाला त्याच दिवशी मिळेल.’’

मी त्याला हात लावला नाय. सुमनने लावला. चौथी शिकलेली बाई, वय चौपन्न. रोह्याच्या बाजारपेठेत जोगळेकर बाईंचा टायपिंगचा क्लास आहे, त्यांनी तेव्हा नुकतेच कंप्युटर टाकले होते. तिथं ही कॉलेजच्या पोरींमध्ये जाऊन बसायची.

‘‘काय गो, कलेक्टर होणार का आता?’’ मी विचारायचो.

‘‘तुमच्यासारखं फोनवर हॅलो-बराय-ठेवतो करण्यापरीस बरं,’’ ती म्हणायची.

तीन महिन्यांत शिकली. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. आठवड्यातून दोन मेली वंदूला. काय काय लिहायची देव जाणे, अर्धा-अर्धा तास टकटक चालायची. एका वहीत तिने सगळ्या पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. आधी फोन लावायचा, मग चिरकल्यासारखा आवाज येतो त्याला घाबरायचं नाय, मग प्रोग्राम उघडायचा, मेल लिहायची, बटण दाबायचं. मेल आधी आउटबॉक्स नावाच्या खणात जाते, तिथून निघाली की सेंट नावाच्या खणात दिसते. शेवटी तिने लिहिलं होतं — सेंटमध्ये दिसली तर गेली, आउटबॉक्समध्ये दिसली तर घरातच आहे.

गेल्या आषाढात भात उपसताना तिच्या छातीत कळ आली. गाडी करून पेणला न्यायला निघालो. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं, गाड्यांची रांग. तिथं आम्ही दोन तास अडकलो. मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. घामाने भिजलेली. म्हणाली, ‘‘मला काय झालं तर वंदूला लगोलग कळवा.’’

मी म्हटलं, ‘‘तुला काय होत नाय. गप पड.’’

‘‘माझं केलात तसं तिचं करू नका. व्हय म्हणा.’’

‘‘व्हय.’’

‘‘तोंडातल्या तोंडात नको. नीट म्हणा.’’

‘‘व्हय म्हटलं ना गो.’’

पेणला पोचलो. संध्याकाळी गेली.

आता वंदूचं सांगतो. तिला तेव्हा सातवा महिना. त्याआधी दोनदा पोट पडलेलं. डॉक्टरने बजावून ठेवलेलं, पलंगावरून उठायचं नाय, धक्का बसेल असं काय ऐकायचं नाय, विमानाचं तर नावच नको. मी जावयाला त्यांच्या ऑफिसात फोन केला. जावई ढसाढसा रडले. मग म्हणाले, ‘‘बाबा, तिला आत्ता कळता कामा नये. बाळंत होऊ दे. मी हात जोडतो.’’

मी काय करायला हवं होतं ते तुम्ही मला सांगू नका. दोन पोरं पोटातच गेलेली बाई आहे ती. मी म्हटलं, ठीक आहे.

दिवसकार्य उरकलं. वंदूचा रविवारी फोन यायचा, तेव्हा आम्ही ठरवून खोटं बोललो. आईचा घसा बसलाय, सूज आहे, डॉक्टरने महिनाभर बोलायला बंदी केलीय. वंदू म्हणाली, ‘‘मग मेल तर टाकू शकते ना? तिला म्हणावं, हात नाय ना बसलेत.’’

पत्र पाठवावं तर सुमनचं अक्षर कुठून आणू? मेलला अक्षर नसतं. म्हणून मी बसलो. तिची वही समोर धरून, दोन बोटांनी, दीड तास लागला. ‘चि. वंदूस आशीर्वाद. मी बरी आहे. घसा दुखतो. तू जिने चढू नको. तुझी आई.’ एवढंच. बटण दाबलं. मेल आउटबॉक्समध्ये गेली नि तिथंच बसली. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. मी परत दाबलं. परत पाटी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. वंदूच्या मेली मात्र येत होत्या. ‘आई, लिही ना.’ ‘आई, रागावलीस का?’

मी जोगळेकर बाईंच्या क्लासवर गेलो. बाई पंचेचाळीसच्या, उंच, जिभेला धार. सुमन गेल्यावर घरी येऊन गेल्या होत्या. दुपारी क्लास बंद करून आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

‘‘बाहेरून येणारी मेल येतेय?’’

‘‘येतेय.’’

‘‘मग फोनची लाइन ठीक आहे, मॉडेम ठीक आहे. जाणारी पण जायला हवी.’’

‘‘हवी म्हणून जात असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?’’

‘‘म्हात्रे, तोंड आवरा. मी आलेय ते सुमनताईंसाठी, तुमच्यासाठी नाही.’’

त्यांनी मला समजावलं. येणाऱ्या टपालाचा दरवाजा वेगळा, जाणाऱ्याचा वेगळा. जाणारी मेल ज्या कंप्युटरकडे सोपवायची, त्या सर्व्हरचं नाव चुकलं असेल तर मेल आउटबॉक्समध्येच राहते. नाव तपासलं, बरोबर. पासवर्ड परत घातला. ऑफलाइनवर खूण राहिलीय का बघितलं, नव्हती. कधी कधी एखादी फोटोबिटो असलेली जड मेल पुढं अडकते आणि मागच्या सगळ्या तुंबतात, तसं काय नव्हतं. मग त्यांनी स्वतः एक मेल लिहिली, ‘टेस्ट’, आणि आपल्याच क्लासच्या पत्त्यावर पाठवली. आमच्याच कंप्युटरवरून, आमच्याच खात्यावरून.

गेली. सेंटमध्ये दिसली.

‘‘झालं की,’’ बाई म्हणाल्या आणि माझी अडकलेली मेल उघडून परत पाठवायला गेल्या. पाठवता पाठवता वाचली. बटणावरचं बोट तसंच राहिलं.

‘‘म्हात्रे, हे काय आहे?’’

‘‘वाचायला नाय बोलावलं तुम्हाला.’’

‘‘तुझी आई? तुमच्या मुलीला अजून—’’

‘‘पाठवता का जाऊ दे?’’

त्यांनी दाबलं. नाय गेली.

त्या दिवसापासून मी लॉगबुक घातलं. पाऊस पडतोय, बाबा — गेली. गौरी-गणपतीची तयारी चालू आहे, बाबा — गेली. मी बरी आहे, तुझी आई — नाय गेली. बाई परत आल्या, प्रोग्राम पुरा पुसून सीडीवरून नवा टाकला. नवीन खातं केलं. ‘मी बरी आहे’ — नाय गेली. मग मी बॉयलरवाल्याचं डोकं चालवलं. एकच गोष्ट बदलायची. आईचं नाव काढलं, माझं घातलं. ‘आई बरी आहे, फक्त घसा बसलाय. बाबा.’ बाकी सगळं तेच, मशीन तेच, लाइन तीच.

नाय गेली.

बाईंनी ती फ्लॉपीवर घेतली, क्लासमध्ये नेली. तिथून पण नाय गेली. पोरींच्या मेली पुढून जात होत्या, मागून जात होत्या, ही मध्ये दगडासारखी. बाई मला फोन करून म्हणाल्या, ‘‘असं होत नसतं.’’ मी म्हटलं, ‘‘होतंय ते बघताय ना, मग होत नसतं काय म्हणता?’’

तिकडे वंदूच्या मेलींचा सूर बदलला. ‘बाबा, आईला काय झालंय? खरं सांगा.’ जावयाचा फोन. ‘‘बाबा, ती जेवत नाही. एक मेल, बाबा. एक साधी मेल पाठवता येत नाही तुम्हाला?’’

मी म्हटलं, ‘‘तुम्हीच लिहा तिथनं.’’

‘‘तिला तुमच्याच खात्यावरून, आईंच्या नावाने आलेलीच पाहिजे. ती बघते ते.’’

मग मी ठरवलं, अशी मेल लिहायची की तिला शंकाच राहता कामा नये. बाईंना बोलावलं. बाई येणार नव्हत्या, पण वंदूचं ऐकून आल्या. भर दुपार, बाहेर ऊन पडलेलं, शेजारी रेडिओ चालू. मी बोललो तसं बाईंनी टाइप केलं. बाळाचं, दुपट्याचं, काय काय. आणि शेवटी मी सांगितलं, ‘‘लिहा... तुझ्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतलेत.’’

बाईंनी बटण दाबलं. आणि फोन वाजला.

आता नीट ऐका. आमचा फोन नि कंप्युटर एकाच लाइनीवर. कंप्युटर जोडलेला असला की फोन वाजतच नाय. रिसीव्हर उचलला तर कानात नुसती किरकिर येते आणि कंप्युटरची लाइन तुटते. हे बाईंनीच मला शिकवलेलं. कंप्युटर जोडलेला होता, पडद्यावर तसं दिसत होतं. आणि फोन वाजत होता.

बाईंच्या हाताशी होता. त्यांनी उचलला. हॅलो म्हणाल्या.

‘‘कोण हाय?’’ मी विचारलं.

त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली. ऐकत राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘कुणी बोलत नाही. कुणीतरी काहीतरी कुटतंय. खलबत्त्यात.’’

मी रिसीव्हर घेतला. ठक... ठक... ठक. घाई नाय, राग नाय, एका लयीत. मी तो आवाज ओळखला. अठ्ठावीस वर्षांत विसरलो नव्हतो. मी फोन ठेवला नाय, टाकला. पडद्यावर लाइन अजून जोडलेलीच होती. मेल आउटबॉक्समध्येच.

‘‘म्हात्रे,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तुम्ही पांढरे पडलात. काय आहे हे?’’

मग त्यांना सांगितलं. जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला पण सांगतो.

वंदू जन्मली तेव्हा सुमन माझ्याकडंच बाळंत झाली, वरशाला. तिची आई पेण तालुक्यातली, गागोद्याच्या बाजूच्या गावात एकटी राहायची. बाळंतपणाला येणार होती, ताप आला म्हणून राहिली. वंदू आठ दिवसांची असताना त्या तापातच म्हातारी गेली. निरोप मला कंपनीच्या गेटवर आला. मी परस्पर गेलो, खांदा दिला, अंघोळ करून घरी आलो. सुमनने विचारलं, एवढा उशीर? मी म्हटलं, ओव्हरटाइम.

आमच्यात ओल्या बाळंतिणीला मयतीची बातमी देत नाहीत. दूध आटतं म्हणतात. सगळ्यांनी मला तेच सांगितलं, सव्वा महिना होऊ दे. मी सव्वा महिना खोटं बोललो. रोज विचारायची, आई कशी हाय? बरी हाय. यायची का? येईल, ताप उतरला की. आणि तिला खरं वाटावं म्हणून मी एक केलं. माझ्या वहिनीने डिंकाचे लाडू केले होते, तो डबा घेऊन आलो नि म्हटलं, तुझ्या आईने पाठवलेत. सुमनने डबा उराशी धरला. रोज एक खायची. म्हणायची, आईच्या हाताची चवच वेगळी. मी समोर बसून ऐकायचो.

सव्वा महिन्याने सांगितलं. तोवर तिच्या आईचं सगळं होऊन गेलेलं. ती रडली नाय. उठली, डब्यात उरलेले लाडू काढले, खलबत्ता घेऊन माझ्यासमोर बसली आणि एकेक लाडू कुटत राहिली. पीठ झालं तरी कुटत राहिली. दुपारभर. मी म्हटलं, बस कर गो. तिने वर बघितलं पण नाय.

हे ऐकून बाई उठल्या. मग पर्स उचलली.

‘‘तुमचं मशीन नीट आहे. प्रोग्राम नीट आहे. खोटं आहे तेवढंच अडतंय. मी आता याला हात लावणार नाही.’’

‘‘घाबरलात?’’

‘‘हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही नाही घाबरलात?’’

घाबरलो नव्हतो. पेटलो होतो. बाई गेल्यावर मी सुमनच्या फोटोसमोर उभा राहिलो आणि तिला नाय नाय ते बोललो. ‘‘लेकीच्या पोटातलं मारायचंय तुला? दोनदा गेलंय तिचं. तुझं दूध आटलं होतं का तेव्हा? नाय ना? मी सांभाळलं म्हणून नाय आटलं! मेलीस तरी माझ्यावर डूख धरून बसलीस?’’ शेजारची बाई खिडकीतून डोकावली. तिला पण मी झापलं.

चार दिवस मी सुमनशी भांडलो. मी लिहायचो, ती अडवायची. आउटबॉक्समध्ये चौदा मेली तुंबल्या. दरवेळी फोन वाजायचा, कंप्युटर चालू असताना. मी उचलायचो नाय. एकदा उचलला आणि म्हटलं, ‘‘कूट. किती कुटायचं ते कूट.’’ पलीकडे थांबलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा थांबलं. आणि ते शांत राहणं त्या ठकठकीपेक्षा वाईट होतं. मी प्लग काढून ठेवला.

बुधवारी सकाळी परत जोडला तर वंदूची मेल आलेली. ‘बाबा, मी शुक्रवारचं विमान घेतलंय. ह्यांना पण सांगितलंय, अडवलंत तर चालत जाईन. उद्या संध्याकाळपर्यंत आईच्या हातची मेल आली नाही तर मी निघाले.’

आठवा महिना भरत आलेला. फोन लावला तर जावई कामावर, वंदू उचलत नाय. उचलली असती तरी तोंडाने मला सांगता आलं नसतं, हे पण खरं.

मी जेवलो नाय. खुर्चीत बसलो आणि त्या चौदा मेली एकेक करून पुसल्या. मग नवीन उघडली. सुमन प्रत्येक मेलवर आधी श्री घालायची. मी घातला नाय. मयतीच्या पत्रावर श्री घालत नाहीत, तेवढं मला कळतं. लिहिलं की तुझी आई आषाढात गेली. नागोठण्याला गाडीत तिने माझ्याकडून व्हय म्हणवून घेतलं होतं, ते मी मोडलं. तुझ्या नवऱ्याला दोष देऊ नको, तो तुझ्या जिवासाठी बोलला, पण वचन मी दिलेलं होतं. मग तिच्या आईचं लिहिलं. लाडवांचं लिहिलं. कुटण्याचं लिहिलं. ‘त्यानंतर तिने मला माफ केलं. तू पण कर. विमानात बसू नको. तुझं बाळ सुखरूप होऊ दे, मग ये आणि माझ्याशी काय भांडायचं ते भांड. बाबा.’

तीन वाजले. बटण दाबलं.

नाय गेली.

मी परत दाबलं. पाटी. परत. पाटी. आयुष्यात कधी कुणापुढं रडलो नव्हतो, त्या कंप्युटरच्या डब्यापुढं रडलो. ‘‘आता काय राहिलं गो? सगळं सांगितलं ना? आता काय पाहिजे तुला?’’

बाईंना फोन केला. म्हटलं, ‘‘खरं लिहिलंय. तरी जात नाय.’’ बाई लगेच आल्या. उभ्यानेच पडदा वाचायला लागल्या. सावकाश. मी त्यांच्याकडे बघत होतो.

‘‘यात खोटं काय आहे?’’ त्यांनी विचारलं.

‘‘काय नाय. अक्षर न् अक्षर खरं हाय.’’

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. ‘‘हे? त्यांनी माफ केलं होतं तुम्हाला?’’

‘‘म्हणजे काय? केलं नसतं तर अठ्ठावीस वर्षं मला भाकरी करून घातली असती का?’’

‘‘मी भाकरीचं नाही विचारत, म्हात्रे.’’

कधी म्हणाली होती ती? आठवायला लागलो. भांडण झालं नाय, माहेरी गेली नाय, माझं दुखलंखुपलं सगळं केलं. मी धरून चाललो होतो. पण म्हणाली कधी? आमच्या घरात डिंकाचा लाडू परत आला नाय. वंदूला दिवस गेले तेव्हा पण नाय, तेव्हा तिने मेथीचे करायचे ठरवले होते. आणि तो खलबत्ता. तो त्या दिवशी फडताळाखाली गेला तो तिने कधी बाहेर काढला नाय. वेलदोडा असो, लसूण असो, पाट्यावर वाटायची. अठ्ठावीस वर्षं बघत होतो. एकदा पण विचारलं नाय का.

मी त्या ओळीवर गेलो. एकेक अक्षर मागे मागे पुसत आलो. ओळ गेली. ‘तू पण कर’ हे पण पुसलं, ते कुणाच्या आधारावर मागणार?

बटण बाईंनी दाबलं नाय, मलाच दाबायला लावलं.

गेली. एका क्षणात. आउटबॉक्स रिकामा, मेल सेंटमध्ये. फोन वाजला नाय. बाईंनी पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, ‘‘चहा करते,’’ नि सुमनच्या स्वयंपाकघरात गेल्या. मी अडवलं नाय.

संध्याकाळी मस्कतहून फोन आला. हा साधाच फोन, कंप्युटर बंद होता. वंदू. ती म्हणाली, ‘‘मी येत नाय बाबा. आता कुणाकडं येऊ?’’

आणि ठेवला.

सव्वा महिन्याने तिला मुलगी झाली. धडधाकट, साडेसहा पौंड. जावयाने कळवलं. वंदू आता महिन्यातून एकदा मेल टाकते. मुलगी पालथी पडली, मुलीला दात आला. खाली स्वतःचं नाव घालते, वर मला काय म्हणत नाय. नात अजून बघितली नाय मी. येतील तेव्हा येतील.

जोगळेकर बाई आता म्हणतात, तेव्हा सर्व्हरमध्ये बिघाड असेल, लाइनीत गोंधळ असेल, आपण दोघं पण दमलेले होतो. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना तसं म्हणावं लागतं. मी विचारतो, मग तो आवाज? त्या विषय बदलतात. कंपनीत आमच्या लॉगबुकात बिघाडापुढं कारणाचा रकाना असायचा, तो भरल्याशिवाय शिफ्ट सोडता यायची नाय. माझ्या वहीत तो रकाना अजून कोरा आहे. तुमच्यापैकी कुणी कंप्युटरमधलं जाणणारा असेल त्याने भरून दाखवावा. उगाच पुड्या सोडू नयेत.

त्यानंतर आमच्या कंप्युटरवरून सगळं जातं. काही अडत नाय. फक्त दर महिन्याला सुमनच्या तिथीला मी एक गोष्ट करतो. खलबत्ता फडताळाखालून काढून, पुसून, कंप्युटरच्या बाजूला ठेवलाय मी. त्याच्यासमोर बसतो, एकच ओळ लिहितो — तिने मला माफ केलं — आणि आमच्याच पत्त्यावर पाठवतो, सुमनच्या नि माझ्या. दुसऱ्या कुणाला त्रास नको. मग तिची वही उघडून शेवटची पायरी वाचतो नि बघतो.

काल तिथी होती. वंदूला लिहिलेली मेल गेली.

ती ओळ घरातच आहे.